वाचकांचे प्रश्न : नॉर्वेचे फुटबॉल कार्यवाह आणि खेळाडूंचा संप

गेल्या अंकातील बर्लिन ऑलिंपिकवरच्या लेखात आम्ही ओझरता उल्लेख केला होता की, १९३६ साली यजमान जर्मनीला फुटबॉलमध्ये हरवणाऱ्या नॉर्वेच्या संघाची धुरा ज्यांच्याकडे होती, त्या आस्ब्यर्न हाल्वोर्सेन यांना पुढे नाझी छळछावणीत जावे लागले. या एका वाक्यावर एवढी पत्रे येतील, अशी आमची कल्पना नव्हती. त्यांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न (नाशिक) : हे हाल्वोर्सेन मूळचे खेळाडू होते की केवळ पदाधिकारी? त्यांचा जर्मनीशी आधीपासून संबंध होता, असे एके ठिकाणी वाचले. ते खरे आहे का?

उत्तर : ते आधी खेळाडू होते आणि साधेसुधे खेळाडू नव्हते. त्यांचा जन्म ३ डिसेंबर १८९८ रोजी दक्षिण नॉर्वेतील सार्प्सबॉर्ग या गावी झाला. गावच्याच संघाकडून खेळत त्यांनी १९१७ मध्ये राष्ट्रीय चषक जिंकला. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये ज्या नॉर्वेजियन संघाने ग्रेट ब्रिटनला ३–१ असे हरवून युरोपला आश्चर्याचा धक्का दिला, त्यातही ते होते. पुढच्याच वर्षी जहाज-दलालीच्या कामासाठी ते हाम्बुर्गला गेले. बंदराच्या त्या शहरात त्या धंद्याचे शिक्षण घेण्यासारखे पुष्कळ होते. मात्र तेथील हाम्बुर्ग एसव्ही या क्लबने त्यांना असे काही आपलेसे केले की, त्यांचा मुक्काम बारा वर्षे लांबला.

मध्यरक्षक म्हणून ते संघाच्या ऐन मधोमध खेळत. त्या काळच्या रचनेत हा खेळाडू बचाव आणि चढाई या दोहोंची सूत्रे हलवीत असे. हाम्बुर्गने १९२३ आणि १९२८ मध्ये जर्मन अजिंक्यपद मिळवले, त्या दोन्ही वेळी ते संघात होते. त्याआधीचा १९२२ चा अंतिम सामना तर जर्मन फुटबॉलच्या दंतकथांपैकीच एक आहे. न्यूर्नबर्गविरुद्धचा पहिला सामना तीन तासांहून अधिक चालला आणि अंधार पडल्यामुळे २–२ असा अनिर्णित सोडावा लागला. दुसऱ्या सामन्यात न्यूर्नबर्गचे सातच खेळाडू मैदानावर उरल्याने पंचांनी खेळ थांबवला. विजेतेपद हाम्बुर्गला देऊ करण्यात आले, पण अखेर क्लबने त्यावर पाणी सोडले.

१९३३ मध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, हाल्वोर्सेन मायदेशी परतले आणि लवकरच नॉर्वेच्या फुटबॉल महासंघाचे कार्यवाह झाले. जर्मन भाषा, जर्मन मैदाने आणि जर्मन खेळाडूंची चाल या तिन्हींची त्यांना आतून ओळख होती. पुढच्या अनेक प्रश्नांची मुळे येथेच आहेत.

प्रश्न (नागपूर) : बर्लिन ऑलिंपिक म्हटले की आम्हांला मेजर ध्यानचंद आठवतात. नॉर्वेच्या विजयामुळे हिटलर संतापून मैदान सोडून गेला, ही कथा कितपत खरी आहे?

उत्तर : ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीला ८–१ असे नमवले ते १५ ऑगस्टला. त्याच सोहळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती, हेही या निमित्ताने विदर्भातील वाचकांना आठवत असेल. नॉर्वेचा सामना त्याआधी, ७ ऑगस्ट रोजी बर्लिनच्या पोस्ट स्टेडियमवर झाला.

आदल्या फेरीत जर्मनीने लक्झेंबर्गवर नऊ गोल चढवले होते, त्यामुळे ही लढत सोपी जाईल असे गृहीत धरून जर्मनांनी आपल्या काही प्रमुख खेळाडूंना विश्रांती दिली. हिटलरचा मूळ बेत नौकास्पर्धेला जाण्याचा होता, पण हमखास विजय पाहायला मिळेल या भरवशावर तो गोबेल्स, गोरिंग आणि हेस यांच्यासह फुटबॉलला आला. पहिल्या काही मिनिटांतच माग्नार इसाक्सेन यांनी नॉर्वेचा पहिला गोल केला आणि सामना संपायला थोडा वेळ उरला असताना दुसराही त्यांनीच केला. नॉर्वेने सामना २–० असा जिंकला. गोबेल्सने आपल्या दैनंदिनीत त्या दिवशीच्या जिवाच्या घालमेलीची नोंद केली आहे. हिटलर खट्टू होऊन निघून गेला, इतके सर्वत्र नमूद आहे. त्याने कोणाला काय सुनावले, याबद्दलच्या रंगतदार कहाण्या मात्र आम्ही सोडून देतो. जर्मन प्रशिक्षक ओटो नेर्त्स यांच्या कारकिर्दीला त्या दिवसापासून उतरती कळा लागली आणि त्यांच्या जागी सेप हेरबेर्गर आले, हा त्या पराभवाचा अधिक ठोस परिणाम म्हणता येईल.

नॉर्वे उपांत्य फेरीत इटलीकडून जादा वेळेत १–२ असे हरले, पण आर्ने ब्रुस्ताद यांच्या तीन गोलांच्या बळावर पोलंडला ३–२ असे हरवून त्यांनी कांस्यपदक पटकावले. तेव्हापासून हा चमू तिकडे ‘कांस्य संघ’ म्हणूनच ओळखला जातो. दोन वर्षांनी मार्सेय येथे विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात याच नॉर्वेने, पुढे जगज्जेत्या ठरलेल्या इटलीला पुन्हा जादा वेळेपर्यंत झुंजवले आणि पुन्हा १–२ अशीच हार पत्करली.

प्रश्न (पुणे, निवृत्त क्रीडाशिक्षक) : देश शत्रूच्या ताब्यात असताना खेळाडूंनी संप केला, म्हणजे नेमके काय केले? खेळायला नकार दिल्याने शत्रूचे काय बिघडते? मला ही कल्पना जरा भाबडी वाटते.

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर थोडे विस्ताराने देणे भाग आहे.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा नॉर्वेत उतरल्या. राजा हाकोन आणि सरकार जूनमध्ये इंग्लंडला गेले. सप्टेंबरच्या अखेरीस जर्मन प्रशासक योसेफ टेरबोफेन याने राजाची सत्ता संपल्याचे जाहीर करून नाझींना साथ देणारा नॉर्वेजियन नेता क्विस्लिंग याच्या पक्षाखेरीज सर्व पक्षांवर बंदी घातली आणि आपल्या मर्जीतील माणसांकडे खाती सोपवली. त्यांत ‘श्रमसेवा आणि क्रीडा’ असे एक नवेच खाते होते. ही जोडी पुरेशी बोलकी आहे. तरुणांना शिस्तीत उभे करायचे, कवायत करून घ्यायची, त्यांतून नव्या राजवटीचे पाईक घडवायचे, आणि या सगळ्यासाठी गावोगाव आधीच विणलेले क्रीडासंस्थांचे जाळे आयतेच हाती घ्यायचे, असा हा सरळ डाव होता.

त्या जाळ्याचीही एक पार्श्वभूमी आहे. नॉर्वेत वर्षानुवर्षे दोन स्वतंत्र क्रीडा महासंघ होते. एक जुना, मध्यमवर्गीय वळणाचा. दुसरा १९२४ मध्ये स्थापन झालेला कामगारांचा. दोघांचे फारसे सख्य नव्हते. कामगार संघाचे धडाडीचे नेते रोल्फ होफ्मो आणि दुसऱ्या बाजूचे सेनाधिकारी ऊलाफ हेल्सेत हे एका मेजावर बसावेत, हे एरवी अवघडच होते. पण १९४० च्या शरद ऋतूत, देश व्यापलेला असताना, दोन्ही महासंघांनी विलीनीकरण करून हेल्सेत यांच्या अध्यक्षतेखाली एक सामाईक मंडळ नेमले. हाल्वोर्सेन यांच्यासारखे अनुभवी कार्यवाह या जुळवाजुळवीच्या काळात फार मोलाचे ठरले.

नोव्हेंबरमध्ये नव्या खात्याचे फर्मान निघाले की, यापुढे क्रीडासंस्थांचे पदाधिकारी निवडणुकीने ठरणार नाहीत, खाते त्यांची नेमणूक करील. केंद्रीय मंडळाने राजीनामे दिले, त्यामागोमाग जिल्हा संघांचे आणि क्लबांचे पदाधिकारी बाहेर पडले, आणि मग खेळाडूंनी अधिकृत स्पर्धांकडे पाठ फिरवली. प्रेक्षकांनीही तेच केले. खात्याने स्पर्धा जाहीर कराव्यात, शिट्टी फुंकायला पंच आणावेत, आणि मैदानात बोटांवर मोजण्याएवढी माणसे असावीत, हे दृश्य पुढे नित्याचे झाले.

आता ‘शत्रूचे काय बिघडले?’ हा आपला प्रश्न. लष्करी दृष्टीने काहीच बिघडले नाही. पण ज्या राजवटीला ‘सर्व काही सुरळीत चालू आहे’ असे जगाला आणि स्वतः नॉर्वेजियनांना दाखवायचे होते, तिच्या दृष्टीने भरलेले मैदान ही फार मोठी गरज होती. ओस्लोजवळच्या होल्मेनकोलेन टेकडीवरील जगप्रसिद्ध स्की स्पर्धा १९४१ ते १९४५ अशी सलग पाच वर्षे झाली नाही. फुटबॉलच्या राष्ट्रीय चषकाच्या यादीत आजही १९४० नंतर थेट १९४५ येते. शिवाय शिक्षक, धर्मगुरू, वकील यांचे असहकाराचे लढे १९४१ आणि १९४२ मध्ये पेटले. खेळाडूंनी त्याच्या आधीच वाट पाडून ठेवली होती. एखाद्या अख्ख्या क्षेत्राने एकजुटीने ‘नाही’ म्हणता येते, हे लोकांनी पहिल्यांदा पाहिले ते येथेच. त्यामुळे ही कल्पना भाबडी आहे, या आपल्या मताशी आम्ही सहमत होऊ शकत नाही.

खेळ बंद पडला होता, असेही समजू नये. रानात, आडबाजूच्या पठारांवर, जाहिरात न करता चोरून स्पर्धा होत. स्की-उडीतील ऑलिंपिक विजेते बिर्गेर रूड यांनी राजवटीच्या स्पर्धांत उतरण्यास नकार दिला आणि अशा छुप्या स्पर्धांना हजेरी लावली; १९४३ मध्ये त्यांची रवानगी ओस्लोजवळच्या ग्रीनी येथील बंदिछावणीत झाली. सुटल्यानंतर, १९४८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, छत्तिसाव्या वर्षी त्यांनी रौप्यपदक मिळवले.

सगळेच असे ताठ उभे राहिले, असे मात्र नाही. बांबूउडीत १९२० च्या दशकात जागतिक विक्रम करणारे चार्ल्स हॉफ, जे लेखक आणि पत्रकारही होते, ते क्विस्लिंगच्या बाजूला गेले आणि नव्या क्रीडा प्रशासनाचा प्रमुख चेहरा बनले. युद्धानंतर त्यांना देशद्रोहाबद्दल शिक्षा झाली.

प्रश्न (कोल्हापूर) : हाल्वोर्सेन यांना अटक संपामुळे झाली की त्यांचा वृत्तपत्रांशी काही संबंध होता? युद्धकाळातील गुप्त पत्रके कशी चालत, तेही सांगावे.

उत्तर : संपाचे ते एक प्रमुख सूत्रधार होते आणि जर्मनांचा त्यांच्यावर आधीपासूनच डोळा होता. ऑक्टोबर १९४० मधील राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यावेळी टेरबोफेन आणि त्याच्या लवाजम्याला उल्लेवोल मैदानातील राजासाठी राखीव कक्ष देण्यास हाल्वोर्सेन यांनी नकार दिला, असे सांगितले जाते. बंदूक न उचलता, केवळ आसनव्यवस्थेच्या अधिकारात राहून दिलेला हा नकार त्यांच्या स्वभावाशी जुळतो. आमच्या मते हा माणूस समजून घ्यायचा तर बर्लिनच्या विजयापेक्षा त्यांच्या कार्यवाहपदाकडे पाहावे. कोणाचा राजीनामा कधी जायचा, कोणत्या क्लबाला काय कळवायचे, कोणत्या पत्राला उत्तर द्यायचे नाही, असल्या कारकुनी वाटणाऱ्या गोष्टींवर संप उभा होता, आणि ज्याला देशातील प्रत्येक क्लबाचा चिटणीस नावाने ठाऊक आहे, असाच माणूस ते करू शकत होता.

ऑगस्ट १९४२ मधील अटकेचे प्रत्यक्ष कारण मात्र बेकायदा वृत्तपत्राच्या कामातील सहभाग हे होते. १९४१ च्या उत्तरार्धात जर्मनांनी नॉर्वेतील बहुतेकांचे रेडिओ संच जप्त केले. लंडनहून प्रसारित होणाऱ्या नॉर्वेजियन बातम्या लोकांच्या कानांवर पडू नयेत, हा हेतू होता. परिणाम उलटा झाला. ज्यांनी एखादा संच तळघरात, लाकडाच्या ढिगाऱ्यात किंवा भिंतीमागे दडवला होता, ते रात्री बातम्या ऐकून टिपून घेत, टंकलेखन यंत्रावर स्टेन्सिल कापत आणि हाताने फिरवायच्या यंत्रावर प्रती काढत. एक-दोन पानांचा तो कागद दुकानदार, टपालवाले, शिक्षक, खेळाडू यांच्या हातांतून पसरत जाई. संपूर्ण युद्धकाळात अशी तीनशेच्या आसपास पत्रे नॉर्वेत निघाली. काही जेमतेम काही महिने टिकली, कारण ती चालवणाऱ्यांना पकडले गेले.

वाटणाऱ्यालाही लिहिणाऱ्याइतकाच धोका असे. ऑक्टोबर १९४२ पासून तर या कामासाठी देहदंडाची तरतूद झाली. हाल्वोर्सेन त्याआधी दोन महिने पकडले गेले होते. मैदाने बंद पाडणारी आणि ही पत्रे चालवणारी माणसे पुष्कळदा तीच होती. क्लबांच्या जुन्या ओळखी दोन्ही कामांना उपयोगी पडल्या.

प्रश्न (डोंबिवली) : त्यांना कोणत्या छावण्यांत ठेवले होते आणि ते कसे सुटले?

उत्तर : आधी ओस्लोतील म्यॉलर्गाता १९ या कुप्रसिद्ध तुरुंगात, मग ग्रीनी येथे आणि १९४३ मध्ये फ्रान्सच्या अल्सास प्रांतातील नात्सवायलर छळछावणीत. ही छावणी डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेली होती आणि कैद्यांना ग्रॅनाइटच्या खाणीत राबवले जाई. तेथे आणलेले नॉर्वेजियन ‘रात्र आणि धुके’ या आदेशाखालील कैदी होते. माणूस असा नाहीसा करायचा की घरच्यांना तो जिवंत आहे की नाही, हेही कळू नये. पत्र नाही, पार्सल नाही. रेडक्रॉसच्या पार्सलांवर अन्य छावण्यांतील नॉर्वेजियन कैदी तगून राहिले, हे लक्षात घेतले म्हणजे या आदेशाचा अर्थ उमगतो. नात्सवायलरमध्ये सुमारे पाचशे नॉर्वेजियन होते आणि त्यांतील जवळजवळ निम्मे परतले नाहीत.

मित्रराष्ट्रांच्या फौजा जवळ आल्यावर सप्टेंबर १९४४ मध्ये ती छावणी रिकामी करण्यात आली. हाल्वोर्सेन यांना नेकारएल्त्स आणि पुढे फायहिंगेन येथील उपछावण्यांत हलवले. फायहिंगेन ही आजाऱ्यांची छावणी म्हणवली जाई. प्रत्यक्षात तेथे आजाऱ्यांना मरायला ठेवत, आणि १९४५ च्या प्रारंभी तेथे टायफसची भयंकर साथ होती. तेथेच त्रिग्वे ब्रात्तेली हे कैदी होते. युद्धापूर्वी मजूर पक्षाच्या वृत्तपत्रांत काम केलेले ब्रात्तेली १९७१ मध्ये नॉर्वेचे पंतप्रधान झाले.

सुटका झाली ती पांढऱ्या बसगाड्यांमुळे. स्वीडिश रेडक्रॉसचे काउंट फोल्के बेर्नाडॉट यांनी एसएस या नाझी निमलष्करी दलाचा प्रमुख हिमलर याच्याशी वाटाघाटी करून स्कँडिनेव्हियन कैद्यांना एकत्र आणण्याची परवानगी मिळवली. मित्रराष्ट्रांच्या विमानांनी हल्ला करू नये म्हणून गाड्या संपूर्ण पांढऱ्या रंगवून त्यांवर तांबडे क्रॉस काढले होते. या गाड्यांनी कैद्यांना हाम्बुर्गजवळच्या नॉयनगामे छावणीत आणले आणि तेथून मायदेशाच्या दिशेने नेले. एक कटू बाजूही सांगितली पाहिजे. नॉयनगामेत जागा करण्यासाठी इतर देशांच्या सुमारे दोन हजार आजारी कैद्यांना याच गाड्यांतून दुसऱ्या छावण्यांत हलवावे लागले, आणि त्याबद्दल स्वीडनमध्ये अजूनही वाद होतो.

हाल्वोर्सेन सुटले तेव्हा त्यांचे वजन चाळीस किलोंच्याही खाली गेले होते.

प्रश्न (मडगाव) : हाम्बुर्ग क्लबातील त्यांचा एक सहकारी पुढे छळछावणीचा अधिकारी झाला आणि हे दोघे छावणीत समोरासमोर आले, असे एका मित्राकडून ऐकले. हे खरे आहे का?

उत्तर : पहिला अर्धा भाग खरा आहे, दुसरा नाही. ओटो हार्डर हा हाम्बुर्गचा आघाडीचा गोलवीर. १९२३ आणि १९२८ च्या विजयांत हाल्वोर्सेन मागून चेंडू पुरवीत आणि हार्डर गोल करी. त्याला सगळे ‘टुल’ म्हणत. हे टोपणनाव वॉल्टर टुल या इंग्लंडमधील कृष्णवर्णीय खेळाडूवरून पडले होते. वॉल्टर टुल यांचे आजोबा बार्बाडोसमध्ये गुलाम होते आणि ते स्वतः ब्रिटिश सैन्यात अधिकारी होऊन १९१८ मध्ये रणांगणावर पडले. त्यांचे नाव मिरवणारा हार्डर १९३२ मध्ये नाझी पक्षात आणि पुढच्या वर्षी एसएसमध्ये दाखल झाला.

युद्धकाळात तो बराच काळ नॉयनगामेत पहारेकरी होता, म्हणून ही भेटीची कथा जुळवली गेली असावी. परंतु १९४४ च्या अखेरीस त्याला हानोवरजवळील आलेम उपछावणीचा प्रमुख करण्यात आले, तर हाल्वोर्सेन नॉयनगामेला पोहोचले ते १९४५ च्या वसंतात. म्हणजे तारखाच जमत नाहीत. आलेमच्या भुयारांत राबवलेल्या ज्यू कैद्यांच्या मृत्यूंबद्दल ब्रिटिश लष्करी न्यायालयाने १९४७ मध्ये हार्डरला पंधरा वर्षांची शिक्षा सुनावली. १९५१ च्या नाताळातच तो बाहेर आला आणि १९५६ मध्ये वारला. १९७४ च्या विश्वचषकाच्या वेळी हाम्बुर्गच्या एका माहितीपुस्तिकेत शहराचे भूषण म्हणून त्याचा उल्लेख आला, आणि ती चूक लक्षात आल्यावर ते पान काढून टाकण्याची धावपळ करावी लागली. समोरासमोर भेटीची नाट्यमय कथा रचण्याची मुळात गरज नव्हती. एकाच संघातील दोघे कोठे जाऊन पोहोचले, हे कागदोपत्री पुरेसे नोंदले गेले आहे.

प्रश्न (बेळगाव) : युद्धानंतर ते पुन्हा फुटबॉलमध्ये आले का?

उत्तर : आले. महासंघाच्या कार्यवाहपदावर ते परतले आणि शेवटपर्यंत तेथेच राहिले, मात्र छावण्यांत खंगलेली प्रकृती पूर्वीसारखी झाली नाही. त्यांच्या कार्यकाळातच, १९५४ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत, नॉर्वेची गाठ पश्चिम जर्मनीशी पडली. ओस्लोत १–१ अशी बरोबरी झाली आणि नोव्हेंबर १९५३ मधील परतीचा सामना जर्मनांनी ५–१ असा जिंकला. तो नेमका हाम्बुर्गला झाला होता. १६ जानेवारी १९५५ रोजी उत्तर नॉर्वेतील नार्विक येथे हाल्वोर्सेन यांचे निधन झाले. वय अवघे छपन्न होते. संपातील त्यांचे सहकारी रोल्फ होफ्मो हेही साक्सनहाउसेनच्या छावणीतून परतले आणि पुढे शासनाच्या क्रीडाविभागाचे प्रमुख म्हणून त्यांनी देशभर मैदाने उभी केली.

प्रश्न (ठाणे, विद्यार्थी) : एर्लिंग हालांडने मोडलेला नॉर्वेचा गोलांचा जुना विक्रम १९३६ च्या संघातील खेळाडूचा होता का?

उत्तर : होय. त्या कांस्य संघाचे कर्णधार यर्गेन यूवे यांनी १९२८ ते १९३७ या काळात ४५ सामन्यांत ३३ गोल केले होते. ते शिक्षणाने कायदेपंडित आणि पेशाने पत्रकारही होते. गंमत म्हणजे बर्लिनमध्ये ते आघाडीला नव्हे, तर हाल्वोर्सेन यांच्याच जुन्या जागी, मध्यरक्षक म्हणून खेळले. हालांडने १० ऑक्टोबर २०२४ रोजी ओस्लोत स्लोव्हेनियाविरुद्ध दोन गोल करून आपली संख्या ३४ वर नेली आणि हा विक्रम मागे टाकला.